पर्सी ज्युलियन

मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन लहानशा ग्रंथी प्रत्येक माणसाच्या शरीरात असतात. त्यांस अधिवृक्क ग्रंथी असे म्हणतात. एकेका ग्रंथीचे वजन अवघे चार-पाच ग्रॅम भरते. परंतु त्यांचे काम थांबले तर धडधाकट मनुष्यही हळूहळू खंगत जातो. त्याचा रक्तदाब उतरतो, अन्नावरची वासना उडते, कातडी काळवंडू लागते. टॉमस ॲडिसन या इंग्रज वैद्याने १८५५ साली या रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा कुठे या ग्रंथींचे महत्त्व जगाच्या ध्यानात आले. पुढे पाऊणशे वर्षांनी असे आढळले की, या ग्रंथींच्या बाहेरच्या थरात काही विशेष द्रव्ये तयार होतात आणि ती रक्तावाटे सर्व शरीरात पोहोचतात. अशा द्रव्यांना संप्रेरके म्हणतात. त्यांपैकी हायड्रोकॉर्टिसोन हे एक मुख्य संप्रेरक. उपवासात रक्तातील साखर टिकविणे, आजारात व संकटात शरीराला तग धरावयास लावणे, सूज आणि दाह यांना आवर घालणे, ही सारी कामे ते करते. कॉर्टिसोन हे त्याचेच जवळचे भावंड; शरीरात गेल्यावर त्याचे हायड्रोकॉर्टिसोन बनते.

सप्टेंबर १९४८ मध्ये अमेरिकेतील रोचेस्टर गावी मेयो क्लिनिक या विख्यात रुग्णालयात एका तरुण स्त्रीला कॉर्टिसोनची सुई टोचण्यात आली. संधिवाताने तिचे सांधे इतके आखडले होते की, अंथरुणावर कूस बदलणेही तिला कठीण होई. आठवडाभरातच ती उठून चालू लागली. एडवर्ड केंडल, फिलिप हेंच आणि स्वित्झर्लंडचे टाडेउश राइखस्टाइन यांना या संशोधनाबद्दल १९५० साली नोबेल पारितोषिक मिळाले. सर्वत्र आनंदीआनंद झाला. परंतु त्या आनंदात एक मोठी अडचण दडलेली होती. कॉर्टिसोन बनवावयाचे ते गुरांच्या पित्तातून काढलेल्या आम्लापासून, आणि त्यासाठी तिसाहून अधिक पायऱ्यांची रासायनिक क्रिया करावी लागे. प्रारंभी एका ग्रॅमची किंमत २०० डॉलर होती. त्या स्त्रीला दिलेली रोजची १०० मिलिग्रॅमची मात्रा धरली, तर केवळ औषधासाठी दिवसाला २० डॉलर हवेत. सामान्य रोग्याने एवढा पैसा कोठून आणावा? औषध सापडले होते, पण ते रोग्याच्या हाती पडत नव्हते.

ते रोग्याच्या हाती पडावे म्हणून ज्या रसायनज्ञांनी आपली बुद्धी खर्ची घातली, त्यांत पर्सी लॅव्हॉन ज्युलियन यांचे नाव अग्रभागी येते. कॉर्टिसोनचा शोध त्यांनी लावला नाही आणि ते प्रथम बनविलेही नाही. त्यांनी काय केले ते पुढे येईलच. पण ते करण्याच्या जागी पोहोचण्यासाठीच त्यांना किती वर्षे खर्चावी लागली, हे आधी सांगितले पाहिजे.

पर्सी ज्युलियन यांचा जन्म ११ एप्रिल १८९९ रोजी अमेरिकेच्या दक्षिण भागातील अलाबामा राज्यात मंटगमरी या शहरी झाला. त्यांचे वडील जेम्स हे रेल्वेच्या टपाल खात्यात कारकून होते आणि आई एलिझाबेथ या शिक्षिका होत्या. हे कुटुंब कृष्णवर्णीय होते. पर्सीचे आजोबा गुलामगिरीत जन्मले होते. चोरून लिहावाचावयास शिकले म्हणून त्यांच्या हाताची दोन बोटे तोडण्यात आली होती. अमेरिकेत १८६५ साली गुलामगिरी कायद्याने नष्ट झाली. ज्या अमेरिकन लोकांनी ती नष्ट करण्यासाठी झीज सोसली, त्यांना आपल्या महात्मा फुल्यांनी १८७३ साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गौरवपूर्वक अर्पण केला. परंतु कायद्याने गेलेली गुलामगिरी चालीरीतींतून गेलेली नव्हती. मंटगमरीत कृष्णवर्णीयांची शाळा वेगळी, आगगाडीतील बसण्याची जागा वेगळी, एवढेच काय, पाणी पिण्याची तोटीही वेगळी. आठव्या इयत्तेपुढे कृष्णवर्णीय मुलांसाठी सरकारी माध्यमिक शाळाच नव्हती. गोऱ्या मुलांच्या शाळेत रसायनशास्त्राची प्रयोगशाळा असे. पर्सीने ती आतून पाहिली नव्हती.

ज्या घराण्याने अक्षरांची एवढी किंमत मोजली, त्या घरात विद्येची हेळसांड होणे शक्यच नव्हते. घरात पुस्तके होती आणि वडिलांची शिस्त कडक होती. एकदा गणितात शंभरांपैकी ऐंशी गुण मिळवून पर्सी हर्षाने घरी आला. वडिलांनी कौतुक तर केले नाहीच. उलट ऐंशी गुणांवर समाधान मानणाऱ्यास मध्यमच राहावे लागते, अशी समज देऊन पुढल्या खेपेस शंभर आणावयास सांगितले. आज काहींना हा कठोरपणा वाटेल. परंतु गोऱ्या मुलाने ऐंशी आणि कृष्णवर्णीय मुलाने ऐंशी गुण मिळविले, तर दार कोणासाठी उघडेल, हे त्या पित्याला पुरते ठाऊक होते.

शिक्षक तयार करणाऱ्या एका शाळेत जेमतेम शिक्षण पुरे करून १९१६ साली पर्सीने उत्तरेकडील इंडियाना राज्यातील ग्रीनकॅसल या गावी डीपॉ विद्यापीठात प्रवेश घेतला. निरोप द्यावयास सारे घर स्टेशनावर आले होते. गाडी सुटली तेव्हा आजोबांनी हात हलविला. त्या हाताला तीनच बोटे होती. हे दृश्य ज्युलियन जन्मभर विसरले नाहीत.

ग्रीनकॅसलला पोहोचल्यावर त्यांना कळून आले की, माध्यमिक शाळेचे शिक्षण अपुरे असल्याने आपणांस महाविद्यालयाच्या अभ्यासाबरोबर खालच्या वर्गांचे विषयही पुरे करावे लागणार. दिवसा वरचा अभ्यास, रात्री खालचा, असा क्रम दोन वर्षे चालला. वसतिगृहात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यास जागा मिळत नसे. गावातील खाणावळी त्याला अन्न वाढीत नसत. त्यामुळे पहिले दिवस उपासमारीतच गेले. अखेर गोऱ्या विद्यार्थ्यांच्या एका निवासात भट्टी पेटविण्याचे व पंक्तीला वाढण्याचे काम मिळाले आणि त्याच्या मोबदल्यात माळ्यावर निजावयास जागा मिळाली. खाली बसलेले विद्यार्थी उत्तम शाळांतून शिकून आलेले. त्यांना वाढणारा मुलगा मात्र रात्री माध्यमिक शाळेचे पुस्तक उघडून बसे. तरीही १९२० साली परीक्षेचा निकाल लागला तेव्हा वर्गात पहिला आला तो हा वाढपीच.

यानंतर खरे म्हणजे मार्ग सरळ असावयास हवा होता. त्यांच्याबरोबरच्या विद्यार्थ्यांना मोठमोठ्या विद्यापीठांच्या शिष्यवृत्त्यांची पत्रे येऊ लागली. ज्युलियन वाट पाहत राहिले; त्यांना एकही पत्र आले नाही. रसायनशास्त्राचे प्राध्यापक विल्यम ब्लँचर्ड यांचे या शिष्यावर प्रेम होते. त्यांनी विद्यापीठांकडून आलेली उत्तरे ज्युलियन यांना दाखविली. त्या सर्वांचा आशय एकच होता: मुलगा हुशार आहे, पण शिकून त्याला नोकरी कोण देणार? म्हणून त्याने कृष्णवर्णीयांच्या एखाद्या महाविद्यालयात शिकवावे हे बरे. निराश मनाने ज्युलियन नॅशव्हिल येथील फिस्क विद्यापीठात शिकवू लागले. दोन वर्षांनी हार्वर्ड विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळाली आणि १९२३ साली तेथे ते मास्टरची पदवी उत्तम रीतीने उत्तीर्ण झाले. पुढे संशोधन करावयाचे तर शिकविण्याची साहाय्यक जागा हवी होती. गोरे विद्यार्थी कृष्णवर्णीय शिक्षकाकडून शिकणार नाहीत, या भीतीने ती त्यांना नाकारण्यात आली. डॉक्टरेटवाचूनच त्यांना हार्वर्ड सोडावे लागले.

पुढची काही वर्षे त्यांनी कृष्णवर्णीयांच्या निरनिराळ्या महाविद्यालयांत अध्यापन करण्यात घालविली. अखेर १९२९ साली एका मोठ्या निधीची शिष्यवृत्ती मिळाली व ते ऑस्ट्रियातील व्हिएन्ना येथे अर्न्स्ट श्पेट या नामांकित रसायनज्ञांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले. वनस्पतींत आढळणाऱ्या औषधी द्रव्यांची घटना उलगडणे हा श्पेट यांचा विषय होता. व्हिएन्नात ज्युलियन यांना जे लाभले ते केवळ रसायनशास्त्राचे ज्ञान नव्हे. कोणत्याही खाणावळीत बसून जेवता येई, नाट्यगृहात संगीत ऐकता येई, सहाध्यायांच्या घरी पाहुणा म्हणून जाता येई. आयुष्याची तीस वर्षे उलटल्यावर त्यांना प्रथमच इतरांसारखे वागविण्यात येत होते. १९३१ साली ते डॉक्टर झाले. जर्मन भाषा त्यांना उत्तम येऊ लागली होती; ही भाषा पुढे त्यांना अनपेक्षित ठिकाणी उपयोगी पडणार होती. योझेफ पिक्ल नावाचा तेथील एक सहाध्यायी त्यांच्याबरोबर अमेरिकेस आला.

१९३२ साली ब्लँचर्ड यांनी दोघांना डीपॉ विद्यापीठात संशोधनासाठी जागा दिली. येथे ज्युलियन यांनी जो प्रश्न हाती घेतला तो धाडसाचा होता. पश्चिम आफ्रिकेत कॅलॅबार नावाची एक विषारी शेंग होते. तिच्या बियांत फायझोस्टिग्मीन हे द्रव्य असते व ते काचबिंदू या डोळ्यांच्या रोगावर उपयोगी पडते. हे द्रव्य प्रयोगशाळेत बनविण्याचा प्रयत्न ऑक्सफर्डचे सर रॉबर्ट रॉबिन्सन करीत होते. त्या काळी त्यांना सर ही पदवी मिळावयाची होती. परंतु रसायनशास्त्रात त्यांचा शब्द म्हणजे प्रमाण, अशी त्यांची योग्यता होती. ज्युलियन व पिक्ल यांचे काम अर्ध्यावर आले असता रॉबिन्सन यांचा निबंध प्रसिद्ध झाला. शेवटच्या पायरीच्या अगदी जवळचे एसेरेथोल नावाचे द्रव्य आपण बनविले आहे, असे त्यांनी त्यात म्हटले होते.

दुसरा कोणी असता तर त्याने काम आवरते घेतले असते. ज्युलियन यांनी तो निबंध बारकाईने वाचला आणि ते चकित झाले. त्यांच्याकडेही तेच द्रव्य तयार होते; परंतु रॉबिन्सन यांनी वर्णिलेले गुणधर्म त्याला नव्हते. दोघांपैकी एकाचे द्रव्य एसेरेथोल नव्हते हे उघड होते. ऑक्सफर्डचा विश्वविख्यात प्राध्यापक चुकला, असे एका लहान गावातील विद्यापीठाच्या कृष्णवर्णीय संशोधकाने म्हणावयाचे, आणि तेही छापून! तसे म्हणून आपणच चुकलो तर पुन्हा कोणत्याही प्रयोगशाळेचे दार उघडणार नाही, हे ज्युलियन जाणून होते. तरी त्यांनी ते छापले. हार्वर्डमधील त्यांच्या एका गुरूंनी तार करून आपली काळजी कळविली.

आता निकाल लागावयाचा तो एका साध्या कसोटीवर. शुद्ध पदार्थ ठराविक तपमानावर वितळतो; त्या तपमानास वितळबिंदू म्हणतात. बियांतून काढलेल्या नैसर्गिक द्रव्याचा आणि प्रयोगशाळेत बनविलेल्या द्रव्याचा वितळबिंदू एक आला, आणि दोन्ही मिसळल्यावरही तो ढळला नाही, तर दोन्ही द्रव्ये एकच, हे सिद्ध होते. काचेच्या बारीक नळ्या तापवीत ज्युलियन व पिक्ल पाऱ्याकडे पाहत राहिले. दोन्ही नळ्यांतील स्फटिक एकाच वेळी वितळले. ज्युलियन बरोबर होते. १९३५ साली फायझोस्टिग्मीनचे संपूर्ण संश्लेषण प्रसिद्ध झाले. पुढे १९४७ साली रॉबिन्सन यांना त्यांच्या इतर थोर कार्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हा ज्युलियन यांनी ज्यांच्याशी वाद मांडला तो मनुष्य केवढा होता, याची कल्पना यावी.

इतके होऊनही डीपॉ विद्यापीठात त्यांना प्राध्यापकाची जागा मिळाली नाही. ब्लँचर्ड यांनी पुष्कळ खटपट केली. पण विद्यापीठाच्या चालकांनी वर्णाकडे बोट दाखविले. एका मोठ्या रासायनिक कंपनीने दोघा मित्रांना भेटीस बोलाविले. त्यांपैकी पिक्ल यांना जागा दिली व ज्युलियन यांना परत पाठविले. ॲपलटन या गावी कागदाच्या रसायनशास्त्राची एक संस्था होती. ती त्यांना घेण्यास तयार होती. परंतु कृष्णवर्णीय मनुष्याने त्या गावात रात्रीचे राहू नये असा तेथे जुना नियम असल्याचे आढळून आले. याच सुमारास, डिसेंबर १९३५ मध्ये, त्यांचा अॅना जॉन्सन या विदुषीशी विवाह झाला. अॅनाबाई समाजशास्त्राच्या अभ्यासक होत्या आणि १९३७ साली त्यांनीही डॉक्टरेट मिळविली.

संसार मांडला, पण नोकरीचा पत्ता नाही, अशा वेळी ज्युलियन यांचे लक्ष एका जुन्या निरीक्षणाकडे वळले. कॅलॅबारच्या बियांचे तेल धुताना त्यांना एकदा पांढरे स्फटिक मिळाले होते. ते स्टिग्मास्टेरॉल नावाचे द्रव्य होते. या द्रव्याच्या रेणूचा सांगाडा शरीरातील काही संप्रेरकांच्या सांगाड्याशी जुळतो. कार्बनच्या अणूंची चार कडी एकमेकांस जोडलेली असतात. अशा घडणीच्या पदार्थांना स्टेरॉइड म्हणतात. अधिवृक्क ग्रंथींची हायड्रोकॉर्टिसोनसारखी संप्रेरकेही याच कुळातील. जनावरांच्या ग्रंथींतून ही संप्रेरके थेंबाथेंबाने गोळा करण्यापेक्षा वनस्पतींकडून तयार सांगाडा घ्यावा आणि त्यावर हवे ते बदल करावेत, अशी कल्पना तेव्हा युरोपात व अमेरिकेत काही रसायनज्ञांच्या मनात घोळत होती. कॅलॅबारच्या बिया दुर्मिळ. पण सोयाबीनच्या तेलातही स्टिग्मास्टेरॉल असते, आणि सोयाबीन तर लाखो एकरांवर पिकत होते.

ज्युलियन यांनी शिकागोच्या ग्लिडन कंपनीकडे नमुन्यासाठी पाच गॅलन तेल मागितले. ही कंपनी रंग बनविणारी. तिने सोयाबीनचे तेल काढण्यासाठी जर्मनीहून नवी यंत्रसामग्री आणविली होती व ती चालविण्यास रसायनशास्त्र आणि जर्मन भाषा दोन्ही जाणणारा मनुष्य तिला हवा होता. कंपनीचे उपाध्यक्ष ओब्रायन यांनी ज्युलियन यांना दूरध्वनी केला आणि तेलाऐवजी नोकरीच देऊ केली. १९३६ साली ज्युलियन ग्लिडनच्या सोयाबीन विभागाचे संशोधनप्रमुख झाले. एका मोठ्या अमेरिकन कारखान्याच्या प्रयोगशाळेवर कृष्णवर्णीय शास्त्रज्ञ प्रमुख म्हणून बसावा, ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. व्हिएन्नात कमावलेली जर्मन भाषा अशी उपयोगी पडली.

ग्लिडनमध्ये त्यांनी पहिल्याने हाती घेतले ते सोयाबीनमधील प्रथिन. ते शुद्ध करून कागदावर लेप देण्यासाठी वापरण्यात येऊ लागले. दुसऱ्या महायुद्धात याच प्रथिनापासून आग विझविणारा फेस तयार झाला. पेट्रोल पेटले की पाण्याचा उपयोग होत नाही. हा फेस मात्र पेटत्या तेलावर गोधडीसारखा पसरून आग गुदमरवून टाकी. अमेरिकन आरमारातील खलाशी त्याला विनोदाने सोयाबीनची आमटी म्हणत. या आमटीने अनेकांचे प्राण वाचविले.

परंतु स्टिग्मास्टेरॉल काही केल्या सोयाबीनच्या तेलातून सोडवता येत नव्हते. १९४० साली एके दिवशी कारखान्यातून घाबऱ्या आवाजात निरोप आला. एक लाख गॅलन शुद्ध तेल भरलेल्या टाकीत पाणी झिरपले होते. तळाशी पांढरा गाळ साचला होता आणि सारे तेल वाया गेले असे कामगारांस वाटत होते. ज्युलियन धावत गेले. गाळ पाहताच त्यांना ग्रीनकॅसलमधील ते पांढरे स्फटिक आठवले. पाण्याच्या योगाने स्टिग्मास्टेरॉल तेलातून आपोआप वेगळे झाले होते! नासाडी म्हणून फेकून द्यावयाचा गाळ तोच त्यांचा खजिना ठरला. हा योगायोग खरा. पण ते स्फटिक ओळखणारा डोळा तेथे नसता तर तो गाळ गटारातच गेला असता. लवकरच ग्लिडनच्या कारखान्यात या गाळापासून प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागले. गर्भपाताचा धोका असलेल्या स्त्रियांना ते त्या काळी दिले जाई. पूर्वी ते मिलिग्रॅममध्ये मोजीत. आता पौंडांत मोजू लागले.

एप्रिल १९४९ मध्ये कॉर्टिसोनच्या गुणाची वार्ता जगभर पसरली, तेव्हा ज्युलियन यांच्या हाती असा तयार कच्चा माल होता. त्याच वर्षाच्या सप्टेंबर अखेरीस त्यांनी जाहीर केले की, अधिवृक्क ग्रंथींत आढळणारे ‘द्रव्य एस’ आपण सोयाबीनपासून बनविले आहे. राइखस्टाइन यांनी हे द्रव्य पूर्वीच ग्रंथींतून वेगळे केले होते. हायड्रोकॉर्टिसोनच्या रेणूत आणि या द्रव्याच्या रेणूत अंतर किती? केवळ एका ऑक्सिजन अणूचे. सांगाड्यातील अकराव्या कार्बनवर तो अणू बसला की द्रव्य एसचे हायड्रोकॉर्टिसोन होते. परंतु हा एवढासा अणू नेमका त्याच जागी बसविणे फार कठीण होते. पित्तापासून औषध बनविताना कितीतरी पायऱ्या या एका अणूपायी चढाव्या लागत. १९५२ साली अमेरिकेतील दुसऱ्या एका कंपनीच्या शास्त्रज्ञांना ही कामगिरी करणारा कारागीर सापडला. तो होता शिळ्या भाकरीवर येते त्या जातीची बुरशी. स्टेरॉइडच्या द्रावणात ही बुरशी वाढविली की ती आपण होऊन अकराव्या जागी ऑक्सिजन बसविते! अशाच सूक्ष्म जीवांकडून द्रव्य एसवरही काम करून घेता येऊ लागले. एका बाजूने ज्युलियन यांनी स्वस्त केलेले द्रव्य आणि दुसऱ्या बाजूने बुरशीचे साहाय्य, असा मेळ बसला. मेक्सिकोतील रानकंदांपासूनही, म्हणजे आपल्याकडील करांदा व कोनफळ यांच्या जातकुळीतील कंदांपासून, तसाच सांगाडा मिळू लागला. औषधाची किंमत झपाट्याने उतरली आणि ते सामान्य संधिवाताच्या रोग्यापर्यंत जाऊन पोहोचले.

कॉर्टिसोन संधिवात समूळ बरा करीत नाही, हेही लवकरच कळून आले. ते फार दिवस घेतल्यास चेहरा सुजतो, हाडे ठिसूळ होतात, रक्तातील साखर वाढते. तेव्हा प्रारंभीचा हर्ष थोडा ओसरला आणि औषध बेताने वापरण्याची रीत पडली. तरीही ज्यांच्या अधिवृक्क ग्रंथी काम करीत नाहीत अशा रोग्यांना आज हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळीमुळेच नित्याचे आयुष्य जगता येते. दमा व त्वचारोग यांवर याच कुळातील औषधे दिली जातात. २०२० साली करोनाच्या साथीत अत्यवस्थ रोग्यांचे मृत्यू कमी करणारे डेक्सामेथासोन हे स्वस्त औषधही याच कुळातले.

द्रव्य एसच्या घोषणेमुळे ज्युलियन यांची कीर्ती देशभर झाली. १९५० साली त्यांनी शिकागोजवळच्या ओक पार्क या उपनगरात एक प्रशस्त घर विकत घेतले. त्या वस्तीत तोवर गोरेच लोक राहत. कुटुंब राहावयास जाण्यापूर्वीच, नोव्हेंबरात, अमेरिकन लोकांच्या कृतज्ञतेच्या सणाच्या दिवशी, कोणी तरी घरात शिरून ते पेटवून देण्याचा प्रयत्न केला. ज्युलियन कुटुंब तरीही तेथे राहावयास गेले. पुढल्या जूनमध्ये रात्रीच्या वेळी घरावर सुरुंगाची दारू फेकण्यात आली. मुलांच्या झोपावयाच्या खोलीजवळ तिचा स्फोट झाला. मातापिता त्या वेळी घरी नव्हते. सुदैवाने मुलांना इजा झाली नाही. त्यानंतर कित्येक रात्री हा थोर रसायनज्ञ आपल्या लहानग्या मुलासह अंगणात बंदूक घेऊन पहारा करीत बसे. त्याच उन्हाळ्यात शिकागोतील एका प्रतिष्ठित मंडळात शास्त्रज्ञांची बैठक भरली. ज्युलियन यांना तिचे निमंत्रण होते. पण मंडळाच्या नियमानुसार त्यांना दारातून आत घेता येणार नाही, असे कळविण्यात आले. मात्र एक गोष्ट नमूद केली पाहिजे. ओक पार्कमधील पुष्कळ गोरे शेजारी या वेळी ज्युलियन यांच्या पाठीशी उभे राहिले आणि त्यांनी उघडपणे या कृत्यांचा धिक्कार केला. ज्युलियन यांनी ते घर सोडले नाही. अखेरपर्यंत ते तेथेच राहिले.

ग्लिडन कंपनीचे मन संप्रेरकांवरून उडाल्यावर १९५३ साली त्यांनी नोकरी सोडली व स्वतःची ज्युलियन लॅबोरेटरीज ही संस्था काढली. इतरत्र जागा न मिळणाऱ्या अनेक कृष्णवर्णीय रसायनज्ञांना त्यांनी तेथे काम दिले. १९६१ साली त्यांनी ही संस्था वीस लाखांहून अधिक डॉलरला विकली आणि पुढे आपल्या हौसेच्या संशोधनासाठी एक लहानशी संस्था उघडली. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी न्यायालयांत चाललेल्या लढ्यांकरिता निधी जमविण्यात त्यांनी पुढाकार घेतला. शंभराहून अधिक पेटंटे त्यांच्या नावावर होती.

१९७३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने त्यांना सभासद निवडले. तेव्हा त्यांचे वय चौऱ्याहत्तर होते. हा मान त्यांना निदान वीस वर्षे आधी मिळावयास हवा होता, असे म्हटल्यावाचून राहवत नाही. १९ एप्रिल १९७५ रोजी यकृताच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. ज्या डीपॉ विद्यापीठाने त्यांना प्राध्यापकाची जागा नाकारली होती, त्याच्या विज्ञानमंदिरास पुढे त्यांचेच नाव देण्यात आले. १९९३ साली अमेरिकन सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपालाचे तिकीट काढले. रेल्वेच्या टपाल खात्यात कारकुनी करणाऱ्या जेम्स ज्युलियन यांना ते पाहून काय वाटले असते, असा विचार मनात येतो. आणि ओक पार्कमधील मुलांच्या एका माध्यमिक शाळेने १९८५ सालापासून पर्सी ज्युलियन हेच नाव धारण केले आहे.